द्राक्षवेलीची खरड छाटणी

नाशिककडील बागाइतदार द्राक्षवेल वर्षांतून दोनदां छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर घड दिसतात म्हणून सारें पीक तिचेंच, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या मतें नुकसानीचें मूळ येथेंच आहे.

खरड छाटणींत ओलांड्यावरील काडीचे एक-दोन डोळे राखून बाकी भाग काढतात. नवी फूट वाढूं लागल्यावर, छाटणीपासून सुमारें ४० ते ६० दिवसांच्या अवधींत, तिच्या डोळ्यांत पुढील घड ठरतो. या वेळीं काडी दाटींत सांवलीला राहिली किंवा आभाळ सारखें भरून राहिलें, तर घडाऐवजीं बाळी होते. मग ऑक्टोबरांत कात्री कितीही कुशल असो, डोळ्यांत नाहीं तें वेलीवर कोठून येणार? परंतु नेमक्या याच दिवसांत विहिरी आटलेल्या असतात, हातीं पैसा नसतो आणि बाग दुर्लक्षिली जाते.

आभाळ आपल्या हातीं नाहीं, दाटी आहे. यास्तव जादा फुटी वेळींच काढाव्या. थॉम्सन जातीस सात पानें येतांच काडी पांचांवर खुडून शेंड्याकडील बगलफूट वाढूं द्यावी. यासच सबकेन म्हणतात. जोर आवरून त्या गांठीजवळचे डोळे बहुधा सफळ होतात.

शेजाऱ्यानें सातव्या डोळ्यावर छाटलें म्हणून आपणही तसेंच करणारे आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. गोडी छाटणीपूर्वीं बागेच्या निरनिराळ्या भागांतील काड्या सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून घ्याव्या, आणि घड ज्या डोळ्यांत आढळेल त्याच्या पुढेंच कात्री लावावी.