भिंतीच्या भेगेतून मेंदूपर्यंत

तुमसर तालुक्याच्या उत्तरेला, मँगनीजच्या खाणपट्ट्यात नाकाडोंगरी हे गाव आहे. पावसाळा लागला की या भागात धानाच्या रोवणीची लगबग सुरू होते. मातीच्या घरांच्या भिंती ओल धरतात, गोठे चिकचिकतात. पूर्व विदर्भातल्या लहान मुलांसाठी हाच काळ धोक्याचा असतो. चांदिपुरा नावाचा विषाणू याच दिवसांत डोकं वर काढतो. धडधाकट मुलाला अचानक फणफणून ताप येतो, उलट्या होतात, झटके येतात, शुद्ध हरपते. अनेकदा पहिल्या तापापासून मृत्यूपर्यंत 24 ते 48 तासच जातात.

विषाणूला नाव मिळालं ते नागपूरच्या चांदिपुरा भागावरून. 1965 मध्ये नागपुरात तापाची साथ पसरली होती. तिथल्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधले प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांना हा नवा विषाणू सापडला. 1967 मध्ये त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. हीच संस्था आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. हे दोन्ही रुग्ण प्रौढ होते आणि आजार साधा तापाचाच वाटला, त्यामुळे पुढची जवळपास चार दशकं विषाणूकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

2003 मध्ये आंध्र प्रदेशात 329 मुलं आजारी पडली आणि त्यांतली 183 दगावली. विदर्भातही मुलांचे बळी गेले. पुण्यातल्या शास्त्रज्ञांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे कण दिसले. रेबीजच्या कुळातल्या विषाणूंची ही ठेवण. जुन्या संग्रहाशी ताडून पाहिल्यावर ओळख पटली. 1965 मध्ये कुणीतरी तो विषाणू निगुतीनं वेगळा करून सांभाळला नसता, तर मारेकऱ्याचं नाव कळायला किती वेळ लागला असता कोण जाणे. तातडीचा उपयोग दिसत नसतानाही केलेलं मूलभूत संशोधन असं अडीअडचणीला उभं राहतं.

पेशी मरते कशी?

विषाणूचा जनुकीय ऐवज अगदी तुटपुंजा आहे. आरएनएचा एकच धागा आणि त्यावर पाच जनुकं. एवढ्या बळावर तो मेंदू निकामी कसा करतो, यावर डॉक्टरांत मतभेद झाले. काहींना हा मेंदूज्वर वाटला, तर काहींना स्कॅनमध्ये पक्षाघातासारख्या खुणा दिसल्या. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये एक धागा उलगडला. प्रत्येक पेशीत गरज पडल्यास स्वतःला संपवण्याची यंत्रणा असते. एरवी ती शरीराच्या हिताची असते. चांदिपुराच्या संसर्गात चेतापेशींवरच्या ‘फास’ नावाच्या ग्राहक प्रथिनामार्फत तीच यंत्रणा सुरू होते आणि पेशी मरू लागतात. मेलेल्या चेतापेशींची जागा नव्या पेशी सहसा घेत नाहीत, म्हणून मेंदूतलं हे नुकसान इतकं भारी पडतं.

लहान मुलंच का, याचाही माग प्रयोगशाळेत लागतो. उंदराच्या पिल्लांना हा विषाणू शरीरात कुठेही टोचला तरी ती मरतात. मोठे उंदीर मात्र थेट मेंदूत टोचल्यावरच बळी पडतात.

शत्रूचं घर

विषाणू पसरवते ती सँडफ्लाय, म्हणजे वालुकामाशी. डासापेक्षा कितीतरी लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची ही माशी फार उंच उडत नाही. भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर, शेणकचऱ्याच्या मातीत ती अंडी घालते. बाधित मादीच्या अंड्यांतून विषाणू पुढच्या पिढीत उतरतो, नराकडून मादीकडेही जातो, असं पुण्याच्या संस्थेतल्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे गावात एकही मूल आजारी नसलं, तरी विषाणू माश्यांमध्ये तग धरू शकतो.

2007 च्या पावसाळ्यात नागपूर विभागात मेंदूज्वराच्या 78 रुग्णांची नोंद झाली. त्यांतले शंभरी 44 या प्रमाणात दगावले. 2024 मध्ये गुजरातेत हा विषाणू पुन्हा उसळला. त्यावर खास औषध नाही, वापरात असलेली लसही नाही. ताप उतरवणं, झटके थांबवणं, मेंदूची सूज कमी करणं, श्वास चालू ठेवणं एवढंच डॉक्टरांच्या हाती असतं, आणि तेही मूल वेळेत पोहोचलं तर. नाकाडोंगरीहून नागपूरचं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय शंभरेक किलोमीटरवर आहे. झटका आल्यावर बाहेरची बाधा समजून घालवलेली रात्र म्हणूनच जिवावर बेतू शकते.

पेशीमृत्यूचं कोडं शास्त्रज्ञ सोडवत राहतील आणि त्यातून कधीतरी औषधही निघेल. तोवर जे ठाऊक आहे ते वापरायला हवं. पावसाळ्याआधी भेगा माती-चुन्यानं बुजवणं, शेणाचा उकिरडा घरापासून लांब नेणं, भिंतींवर वेळेत फवारणी, मुलांना मच्छरदाणी आणि अंगभर कपडे ही कामं ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली आहेत. तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात अशा मुलांसाठी व्हेंटिलेटर आणि प्रशिक्षित माणसं चोवीस तास हवीत, ही मागणी मात्र शासनाकडेच करावी लागेल. ज्या विषाणूला नावच विदर्भानं दिलं, त्याच्यावरच्या उपायांची सुरुवातही विदर्भातूनच व्हायला हवी.