इंग्रजी वाक्याची दुरुस्ती : एक उदाहरण

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जातो. सातवीच्या वर्गात येईपर्यंत मुले स्वतःच्या मनातील चार वाक्ये इंग्रजीत मांडू लागतात. ती सदोष असणारच. शिक्षकांनी तांबड्या शाईने वाक्य खोडून वर शुद्ध वाक्य लिहून दिले, तर विद्यार्थी ते निमूटपणे उतरवून घेतो; चूक कशामुळे झाली हे मात्र त्याला उमगत नाही, आणि पुढे तो लिहिण्यासच कचरू लागतो.

समजा, एका विद्यार्थ्याने लिहिले : ‘यस्टर्डे माय फादर वॉज गॉन टु मार्केट, देअर हिज फ्रेंड मेट हिम ॲण्ड ही गेव्ह हिम टू हंड्रेड रुपीज.’ (फळ्यावर वाक्य अर्थातच रोमन लिपीत लिहावे.)

प्रथम त्याला हेच मराठीत सांगावयास लावावे. तो म्हणेल, ‘काल बाबा बाजाराला गेले होते. तिथं त्यांना त्यांचा मित्र भेटला. त्यांनी त्याला दोनशे रुपये दिले.’ हे मराठी निर्दोष आहे. दोष आला तो शब्दाला शब्द ठेवल्यामुळे.

‘गेले होते’ यातील ‘होते’चे त्याने ‘वॉज’ केले. मराठीत जाऊन परत आल्याची हकिकत सांगताना पूर्ण भूतकाळ सहज येतो. इंग्रजीत त्याच नावाचा काळ आहे, पण तो बहुधा भूतकाळातील एका घटनेच्या आधीची दुसरी घटना दाखवितो. येथे साधा भूतकाळ, म्हणजे ‘वेंट’, पुरेसा आहे. ‘मार्केट’पूर्वी ‘द’ हवे. मराठीत उपपदे नसल्याने ही चूक सर्वत्र आढळते व सरावानेच जाते.

खरी अडचण दोनशे रुपयांची आहे. पैसे कोणी कोणाला दिले? मराठीत शंका राहत नाही, कारण ‘त्यांनी’ हे आदरार्थी बहुवचन वडिलांकडे जाते व ‘त्याला’ हे एकवचन मित्राकडे. इंग्रजीच्या तृतीय पुरुषी सर्वनामांत असा आदरभेद नाही. वडीलही ‘ही’ आणि मित्रही ‘ही’! त्यामुळे मुलाच्या मनात स्पष्ट असलेला अर्थ कागदावर हरवला. मुलाच्या विचारात गोंधळ होता असे शिक्षकांनी मानू नये.

उपाय सोपा आहे. वाक्याचे दोन भाग करून कर्ता शेवटपर्यंत एकच ठेवावा : ‘यस्टर्डे माय फादर वेंट टु द मार्केट. ही मेट अ फ्रेंड देअर ॲण्ड गेव्ह हिम टू हंड्रेड रुपीज.’ ‘मेट’ आणि ‘गेव्ह’ या दोहोंचा कर्ता वडीलच असल्याने ‘हिम’ म्हणजे मित्रच. ‘हिज फ्रेंड मेट हिम’ ही रचना व्याकरणदृष्ट्या चूक नव्हती. तिने कर्ता मध्येच बदलला, एवढेच. उलट मित्राने पैसे दिले असते, तर ‘द फ्रेंड’ असे नाम पुन्हा लिहावे. पुनरुक्तीची येथे भीती बाळगू नये.

यानंतर वर्गाला पुढील वाक्य द्यावे : ‘आई मावशीकडे गेली. तिनं तिला साडी दिली.’ आईला आपण एकवचनीच संबोधतो, तेव्हा येथे आदरार्थी रूपाचा आधार नाही. साडी कोणी दिली, हे मुलांनी आधी मराठीतच स्पष्ट करावे व मगच इंग्रजीकडे वळावे.