दूरच्या वणव्याचा धूर
(नभोवाणीवरील भाषण)

धूर दिसला कीं अग्नीचें अनुमान करावें, हा न्यायशास्त्राचा पहिला धडा आपण केव्हां ना केव्हां ऐकलेला असतो. पर्वतावर धूर आहे, म्हणून पर्वतावर अग्नि आहे! परंतु धूर आपल्या डोळ्यांत, नाकांत आणि घशांत, आणि अग्नि मात्र आठशें-हजार किलोमीटरांच्या पलीकडे, असा प्रसंग आला तर नैयायिकानें काय करावें? तसा प्रसंग सन २०२३ च्या जून महिन्यांत माझ्यावर आला. त्या वेळीं जें पाहिलें, जें समजून घेतलें आणि जी एक चूक हातून घडली, तें सर्व आज आपणांस सांगण्याचा विचार आहे.

त्या उन्हाळ्यांत मी सपत्नीक अमेरिकेंत न्यू जर्सी येथें कन्येकडे राहावयास गेलों होतों. जूनच्या ६ तारखेस सकाळीं हवेला जळक्या लाकडाचा वास येऊं लागला. शेजारीं कोणी पालापाचोळा पेटविला असेल, असें मला वाटलें. दुसऱ्या दिवशीं, म्हणजे ७ तारखेस, दुपारीं आकाश प्रथम पिवळें, मग शेंदरी झालें. रस्त्यावरील दिवे भर दुपारीं लागले. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनीं पाहावें इतका तो निस्तेज झाला होता. माझा आठ वर्षांचा नातू खिडकीशीं उभा होता. त्यानें विचारलें, “आजोबा, आग कुठं लागलीय?” त्या मुलाला दमा आहे. म्हणून हा प्रश्न आमच्या घरांत केवळ कुतूहलाचा राहिला नाहीं.

आग कॅनडांतील क्वेबेक प्रांताच्या जंगलांत लागली होती. जूनच्या आरंभीं तेथें पावसावांचून विजा पडल्या आणि वाळलेल्या अरण्यांत एकाच वेळीं अनेक ठिकाणीं वणवे पेटले. तेथून न्यूयॉर्क शहर आठशें ते हजार किलोमीटर दूर आहे. मुंबईपासून नागपूर सरळ रेषेनें मोजलें तर सुमारें सातशें किलोमीटर भरतें. तेव्हां नागपुराच्याही पलीकडे रान पेटावें आणि मुंबईच्या माणसानें दारें-खिडक्या लावून बसावें, असा हा प्रकार होता. त्या दिवसांत अटलांटिक किनाऱ्याजवळ कमी दाबाचा एक प्रदेश जवळजवळ एकाच जागीं ठाण मांडून बसला होता. उत्तर गोलार्धांत अशा प्रदेशाभोंवतीं वारे घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरतात. त्यामुळें त्याच्या पश्चिम बाजूस उत्तरेकडून दक्षिणेकडे वाऱ्याचा एक प्रवाहच वाहूं लागला, आणि क्वेबेकचा धूर त्या प्रवाहांत सांपडून थेट न्यूयॉर्कवर आला. वारा ताशीं चाळीस किलोमीटर असला, तर एका अहोरात्रांत तो साडेनऊशें किलोमीटर चालून जातो.

मग वाटेंत तो धूर खालीं कां बसला नाहीं? चुलींतील राख तर चुलीभोंवतींच पडते! ह्याचें उत्तर कणांच्या आकारांत आहे. राखेचे मोठे तुकडे लवकर खालीं येतात. परंतु दूरचा प्रवास करणारे धुराचे कण बहुधा एका मायक्रोमीटरपेक्षांही बारीक असतात, आणि मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस पन्नास ते सत्तर मायक्रोमीटर जाड असतो, यावरून कल्पना करावी. असा कण स्थिर हवेंत सोडला, तर दिवसभरांत जेमतेम एखादा मीटर खालीं येईल. त्यांतून मोठ्या वणव्याची उष्णता इतकी प्रचंड असते कीं, तिच्यायोगें कधींकधीं आगीच्याच माथ्यावर गडगडाटी ढग तयार होतो आणि धूर दहा-बारा किलोमीटर उंचीवर फेंकला जातो. त्या उंचीवर गेलेल्या धुराला समुद्र हा अडथळा राहत नाहीं. त्याच जून महिन्यांत कॅनडाचा धूर युरोपापर्यंत पोंचला होता.

हा चमत्कार आजचाच आहे, असेंही नाहीं. सन १७८० च्या मे महिन्याच्या १९ तारखेस न्यू इंग्लंडमध्यें भर दिवसा असा काळोख पडला कीं, लोकांनीं जेवणासाठीं मेणबत्त्या लावल्या आणि पुष्कळांस जगाचा अंत जवळ आला असें वाटलें. कनेक्टिकटच्या विधिमंडळाची बैठक चालू होती. ती तहकूब करावी, असें कित्येकांनीं सुचविलें. तेव्हां अब्राहम डॅव्हनपोर्ट नांवाचे एक सभासद उठले. अंताचा दिवस आला नसेल तर उठण्याचें कारण नाहीं, आणि आला असेल तर आपण आपल्या कामावर असलेलेंच बरें, अशा अर्थाचें बोलून त्यांनीं मेणबत्त्या आणविण्याची सूचना केली. पुढें कॅनडांतील जुन्या झाडांच्या खोडांवरील जळल्याच्या खुणा तपासून, तो काळोख मुख्यतः दूरच्या वणव्यांचा होता, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनीं काढला. तसेंच सन १९५० च्या सप्टेंबरांत कॅनडाच्या पश्चिम भागांतील चिंचागा नदीच्या खोऱ्यांतील वणव्याचा धूर अटलांटिक ओलांडून गेला, आणि स्कॉटलंडांत लोकांना सूर्य व चंद्र चक्क निळे दिसले.

एके ठिकाणीं शेंदरी सूर्य आणि दुसऱ्या ठिकाणीं निळा, हें कसें? प्रकाशाच्या लहरींहून पुष्कळ बारीक असलेले कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, आणि मग आपल्यापर्यंत तांबडा-पिवळा प्रकाशच तेवढा सरळ येतो. परंतु सर्व कण सुमारें एका मायक्रोमीटरचे आणि बहुतेक एकाच आकाराचे असले, तर उलट तांबडा प्रकाश अधिक विखुरला जातो. हा योग विरळा म्हणून निळा चंद्रही विरळा.

आतां शरीराचा विचार करूं. आपलें नाक आणि घसा ह्या उत्तम चाळण्या आहेत, परंतु त्या धुळीसाठीं. अडीच मायक्रोमीटरांहून बारीक कण त्यांतून निसटून फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांपैकीं अतिसूक्ष्म कण रक्तांतही उतरूं शकतात. म्हणून खोकला आणि डोळ्यांची आग येथेंच हें प्रकरण संपत नाहीं. दमेकऱ्याची श्वासनलिका आंवळते, हृदयविकार असलेल्यास धोका वाढतो, आणि लहान मुलें, वृद्ध व गर्भवती स्त्रिया यांना विशेष जपावें लागतें. अशा कणांचें प्रमाण एका घनमीटर हवेंत चोवीस तासांच्या सरासरीनें १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं सांगितलें आहे. अमेरिकेंत हवेच्या गुणवत्तेचा जो निर्देशांक प्रसिद्ध होतो, त्यांत ५० पर्यंतची हवा चांगली, १५० च्या वरची सर्वांनाच अपायकारक आणि ३०० च्या वरची घातक समजतात. त्या ७ जूनला न्यूयॉर्क शहरांत हा आंकडा ४०० च्याही वर गेला होता.

आतां माझी चूक सांगतों. ८ तारखेस पहांटे मी नेहमींप्रमाणें उठलों. आदल्या दिवशींचा उग्र वास मला जाणवेना. आकाशाचा शेंदरी रंगही ओसरला होता. हवा निवळली, असें मानून मीं दिवाणखान्याच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. पहांटेची हवा आरोग्यदायी असते, हें लहानपणापासून ऐकत आलेलों! अर्ध्या तासानें नातवाचा खोकला ऐकूं आला, आणि मग त्याच्या छातींतून शिटीसारखा आवाज येऊं लागला. माझी कन्या धांवत आली. तिनें आधीं मुलाला श्वासावाटे घ्यावयाचें औषध दिलें, मग खिडक्यांकडे पाहिलें. “बाबा, तुम्ही उघडल्यात?” एवढेंच ती म्हणाली. निर्देशांकाचा आंकडा अद्याप अपायकारक पायरीवरच होता. मुलाला तासाभरांत आराम पडला, पण तो तास मी विसरलों नाहीं.

त्या तासानें मला शिकविलें तें असें: नाकाला वासाची संवय होते आणि मग तें साक्ष देईनासें होतें. शिवाय वास हा मुख्यतः वायूंचा असतो, आणि अपाय मुख्यतः कणांचा. उलट पक्षीं आकाश धुरकट दिसत असूनही धूर उंचावर असेल, तर जमिनीलगतची हवा चांगली असूं शकते. म्हणून खिडकी उघडावी कीं लावावी, हें नाकानें किंवा डोळ्यांनीं न ठरवितां जवळच्या मापनकेंद्राच्या ताज्या आंकड्यानें ठरवावें. मात्र प्रत्येक देशाची मोजपट्टी निराळी असते, हें ध्यानांत ठेवावें. कॅनडांतील निर्देशांक एकापासून दहापर्यंत मोजतात आणि त्यापुढील हवा अति धोक्याची मानतात.

केवळ दारें लावून घेतल्यानें मात्र भागत नाहीं. बंद घरांतही फटींवाटे हवेची येजा चालूच असते, आणि कांहीं तासांत बराचसा धूर आंत येतो. म्हणून सर्व घर स्वच्छ ठेवण्याचा अट्टाहास न करतां एकच खोली निवडावी, शक्यतों निजण्याची. तिच्या फटी बुजवाव्या आणि तींत हवा गाळण्याचें यंत्र अहोरात्र चालू ठेवावें. यंत्र नसेल तर घरींही करतां येतें. २०२० सालीं रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या कल्पनेंतून निघालेली पेटी सध्यां तिकडे सर्वांच्या परिचयाची आहे. मर्व्ह-१३ प्रतीच्या चार चौकोनी गाळण्या उभ्या जोडावयाच्या, खालीं पुठ्ठा, वर चौकोनी पंखा, आणि सर्व सांधे चिकटपट्टीनें बंद. पंख्याचें तोंड वर ठेवावें, म्हणजे हवा गाळण्यांतून आंत ओढली जाऊन वरून बाहेर पडते. आमच्या जांवयानें ती पेटी तासाभरांत तयार केली. ओझोन वायु सोडून हवा शुद्ध करण्याचा दावा करणारीं यंत्रें मात्र घेऊं नयेत. तो वायु स्वतःच फुप्फुसांना अपायकारक आहे.

दुसरी गोष्ट आपल्या मराठी घरांना विशेष लागू आहे. घर बंद असतां आंतला धूर आंतच राहतो. फोडणी, तळण, उदबत्ती, धूप, मेणबत्ती ह्या सर्वांतून तेच बारीक कण निघतात. त्या चार दिवसांत माझ्या पत्नीनें देवापुढें फुलें वाहिलीं, पण उदबत्ती लावली नाहीं. स्वयंपाकांतही वरणभात, उकडलेल्या भाज्या आणि ताक एवढ्यावर आम्ही सुखानें भागविलें.

बाहेर पडणें भाग असेल, तर नाकातोंडावर ओला रुमाल बांधून उपयोग नाहीं. कापडाच्या विणींतून हे कण सहज जातात. चेहऱ्यास सर्व बाजूंनीं घट्ट बसणारी एन-९५ प्रतीची मुखपट्टी हवी. तीही वायूंना अडवीत नाहीं, फक्त कणांना अडविते. धांवणें व व्यायाम बंद ठेवावा, कारण स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला जेवढी हवा आंत घेतो, त्याच्या कित्येक पट हवा धांवणारा घेतो. दमेकऱ्याचें औषध हाताशीं असावें. श्वास लागला, छाती दुखली, ओठ निळसर झाले, तर वाट न पाहतां डॉक्टरांस गांठावें. कडक उन्हाळा असून घरांत थंडावा नसेल, तर बंद खोलींत उष्माघाताचें भय असतें. अशा वेळीं हवा गाळण्याची सोय असलेल्या वाचनालयासारख्या ठिकाणीं दिवस काढावा. आणि आंकडा उतरला कीं सर्व खिडक्या उघडून घर मोकळें करावें.

श्रोतेहो, आम्ही चार दिवस खिडक्या लावून बसलों, एवढेंच आमचें दुःख. त्या एका वर्षांत कॅनडांतील सुमारें दीड कोटी हेक्टर भूमि जळाली. म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ अर्धा भाग! ऑगस्टमध्यें यलोनाइफ हें सुमारें वीस हजार वस्तीचें शहर रिकामें करावें लागलें. असे वणवे त्या अरण्यांना नवीन नाहींत, परंतु पृथ्वीची उष्णता वाढल्यामुळें क्वेबेकमध्यें त्या वर्षीं होती तशी आगीला पोषक हवा निर्माण होण्याचा संभव निदान दुपटीनें वाढला आहे, असें शास्त्रज्ञांच्या एका गटानें त्याच वर्षीं दाखवून दिलें. ज्या धुराड्यांनीं आणि मोटारींनीं ही उष्णता वाढविली, तीं कांहीं एकट्या क्वेबेकमधलीं नव्हेत.

आमच्या सह्याद्रींतही फाल्गुन-चैत्रांत रात्रीं डोंगरावर आगीच्या माळा दिसतात. पुढच्या वर्षीं गवत चांगलें येईल ह्या समजुतीनें कोणी काडी लावतो, कोणाची विडी विझविलेली नसते. वनखात्याचे लोक जाळरेषा काढून ती आग अडविण्याची शिकस्त करतात. लहानपणीं गांवच्या अंगणांतून त्या माळा पाहतांना आम्हांला मौज वाटे. तो धूर कोणाच्या मुलाच्या छातींत जात असेल, हा प्रश्न आम्हांला कधीं सुचला नाहीं.

नातवानें मला विचारलें होतें, आग कुठं लागलीय? मीं नकाशा काढून त्याला क्वेबेक दाखविलें. त्यानें बोटानें अंतर मोजलें आणि म्हणाला, “मग तिथल्या मुलांनी खिडक्या लावल्या असतील का?” त्यांच्यापैकीं कित्येकांना घरच सोडावें लागलें होतें, हें त्याला सांगतांना मला क्षणभर थांबावें लागलें.