जोंगाचे उंच नाक

माझे आजोळ जबलपूरचे, ग्वारीघाटचे. आजोबा तिथल्या व्हेईकल फॅक्टरीतून निवृत्त झाले. त्यांच्या अंगणात लष्कराच्या लिलावातून आलेली एक जुनी जोंगा उभी असते. ‘जोंगा’ हे नाव ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांचे. जपानच्या निसान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ गाडीवरून ती जबलपुरातच बनत असे आणि आपल्या सैन्याने ती अनेक वर्षे वापरली.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मामा आणि मी शेताकडे निघालो होतो. वाटेतल्या नाल्यात इंजिन बंद पडले. मामा थांबले होते, पण मीच आग्रह धरला, “मामा, पुन्हा सेल्फ मारा ना!” त्यांनी मारला. ठक्क असा आवाज झाला आणि सगळे शांत. नंतर इंजिन उघडले तेव्हा एक कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला. आजोबा मला रागावले नाहीत. तो रॉड त्यांनी माझ्या हातात दिला आणि विचारले, “हा कशाने वाकला, सांग.”

कारण साधे आहे. सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. हवेच्या वाटेने पाणी आत गेले की पिस्टन वर येताना अडतो आणि सगळा जोर रॉडवर येतो. म्हणून पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करायचे नाही. गाडी ओढून बाहेर काढायची, प्लग काढायचे, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर टाकायचे आणि मगच पुढचे पाहायचे.

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही गाडीला स्नॉर्कल बसवला. स्नॉर्कल म्हणजे इंजिनाला छताच्या उंचीवरून श्वास घेऊ देणारी नळी. पाणबुड्यांना अशी नळी असते. आपल्या टी-72 रणगाड्यालाही ती लावून सुमारे 5 मीटर खोल नदी तळावरून ओलांडता येते. आमचे सामान मात्र नळदुरुस्तीच्या दुकानातले होते: 75 मिमी पीव्हीसी पाइप, तीन एल्बो, रबरी होज, होज क्लिपा, सोल्युशन आणि लोखंडी पट्ट्या. फिल्टरचा बंद डबा भंगारात मिळाला. सगळा खर्च दोन हजारांच्या आत.

पाइप केवढा घ्यावा याचे गणित आजोबांनी माझ्याकडून करून घेतले. जोंगाचे इंजिन 3956 सीसीचे, म्हणजे जवळपास 4 लिटरचे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेते. मिनिटाला 3000 फेरे धरले तर 1500 × 4 = 6000 लिटर, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त 100 लिटर हवा. बारीक पाइप लावला तर इंजिन गुदमरेल. फिल्टरच्या तोंडापेक्षा वाट कुठेही अरुंद नको आणि वळणे जितकी कमी तितकी बरी.

पीव्हीसी उष्णतेने मऊ पडते. म्हणून बॉनेटच्या आत रबरी होज वापरला आणि तो सायलेन्सरच्या गरम पाइपापासून दूर ठेवला. बाहेरचा पाइप पट्ट्यांनी खिडकीच्या खांबाला आवळला. वरचे तोंड खाली वळवून त्याला जाळी लावली, म्हणजे पाऊस व पाने आत जाणार नाहीत. उन्हाने पाइप ठिसूळ होऊ नये म्हणून रंगही दिला.

मग परीक्षा. इंजिन संथ चालू ठेवून मी पाइपाचे तोंड फळीच्या तुकड्याने झाकले. इंजिन बंद पडायला हवे होते, पण ते चालूच राहिले. याचा अर्थ कुठून तरी हवा शिरत होती, आणि जिथून हवा शिरते तिथून पाणीही शिरते. एक क्लिप सैल निघाली. ती आवळल्यावर इंजिन लगेच बंद पडले. आजोबा म्हणाले, “आता झाले काम.”

तरी काम निम्मेच होते. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, म्हणून डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी रबरी टोपणांनी झाकल्या. गरम डिफरन्शियल पाण्यात अचानक थंड झाले की आतली हवा आकसते आणि ते पाणी ओढून घेते. त्याच्या ब्रीदरला लांब नळी जोडून ती वर आणली. पाण्यातून आल्यावर ब्रेक हलके दाबून वाळवायचे आणि तेल पाहायचे. ते दुधाळ दिसले तर बदलायचे. मात्र गाडीत असा बदल करण्यापूर्वी आरटीओचे नियम जरूर पाहावेत.

श्रावणात आम्ही पुन्हा त्याच नाल्यावर गेलो. आजोबांनी काठी टाकली. पाणी मांडीपर्यंत होते आणि ओढही होती. मी म्हणालो, “आता तर नळी छतापर्यंत आहे!” आजोबांनी काठीनेच मातीत हिशेब मांडला. गाडी दीड मीटर रुंद, साडेतीन मीटर लांब. तळाच्या वर 20 सेंमी पाणी चढले आणि आत शिरले नाही, तर पाणी गाडीला सुमारे एक टन वर उचलते. मग चाकांची पकड उरत नाही आणि प्रवाह गाडीला ढकलत नेतो. त्यात वर बर्गी धरणाचे दरवाजे उघडले की नर्मदा मैया चढते आणि नाल्यांना मागे रेटते.

“नळी इंजिनासाठी आहे,” ते म्हणाले, “आपल्यासाठी काठी.”

मामांनी गाडी वळवली. या वेळी मी काही आग्रह धरला नाही. पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी शेतावर गेलो.