डॉ. कमला सोहोनी : एका जीवरसायनशास्त्रज्ञाची विद्यापीठीय कारकीर्द

प्रस्तावना

भारतीय विज्ञानाच्या इतिहासात डॉ. कमला सोहोनी (१९११–१९९८) यांचा उल्लेख बहुधा एकाच वाक्यात केला जातो : विज्ञान विषयात पीएच्.डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री. हा उल्लेख गौरवाचा असला, तरी त्यामुळे त्यांच्या प्रत्यक्ष संशोधनाकडे दुर्लक्ष होते. कमलाबाईंच्या आयुष्याची सुमारे वीस वर्षे मुंबईतील एका शासकीय शिक्षणसंस्थेत अध्यापन करण्यात व पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून संशोधन करवून घेण्यात गेली. अध्यापनाची जबाबदारी सांभाळून मोलाचे संशोधन करता येते काय, हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांपुढे नेहमीच असतो. प्रस्तुत लेखात कमलाबाईंच्या कारकिर्दीचा विचार या प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे.

१. शिक्षण आणि बंगळूर येथील प्रवेश

कमला भागवत यांचा जन्म इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी होते. प्रसिद्ध लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ मध्ये कमलाबाई रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगळूरच्या संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज केला.

गुणवत्तेत कोणतीही उणीव नसताना हा अर्ज फेटाळला गेला. अर्जदार स्त्री आहे, एवढेच त्याचे कारण होते. संस्थेचे संचालकपद त्याच वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे आले होते. कमलाबाईंनी त्यांची प्रत्यक्ष भेट घेऊन नकाराचे कारण विचारले व आपला आग्रह सोडला नाही. अखेरीस त्यांना अटींवर प्रवेश मिळाला. पहिले वर्ष परिवीक्षेचे राहील, कामाचा दर्जा संचालकांना पसंत पडल्याखेरीज ते काम मान्य होणार नाही, आणि त्यांच्या उपस्थितीमुळे संस्थेतील वातावरण बिघडता कामा नये, अशा त्या अटी होत्या. यांतील शेवटची अट कोणत्याही पुरुष विद्यार्थ्याला घातली गेली नसती, हे उघड आहे.

तेथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले व त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळाली. पुढे इतर स्त्रियांनाही संस्थेत प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. ही पदवी संपादन केली.

२. केंब्रिज येथील संशोधन

त्यानंतर कमलाबाई केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स हे जीवनसत्त्वविषयक कार्याबद्दल १९२९ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते. कमलाबाईंनी आरंभी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर व नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले.

पेशी अन्नातील ऊर्जा एकदम मोकळी करीत नाही. अन्नद्रव्यांतून निघालेले इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्या वाहकाकडे जात जात शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात आणि या प्रवासात टप्प्याटप्प्याने ऊर्जा मिळत जाते. ‘सायटोक्रोम सी’ हे लोहयुक्त प्रथिन या साखळीतील एक वाहक होय. बटाट्यावर काम करीत असताना कमलाबाईंना हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असल्याचे आढळले. प्राणी आणि वनस्पती यांचे बाह्य जीवन कितीही भिन्न असले, तरी त्यांच्या श्वसनाची मूलभूत यंत्रणा समान आहे, या विचाराला त्यामुळे पुष्टी मिळाली.

या विषयावरील त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पृष्ठांचा होता. १९३९ मध्ये त्यांना पीएच्.डी. मिळाली. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिले ते १९४८ मध्ये, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. स्त्रियांविषयीचा संकोच केवळ भारतीय संस्थांपुरता मर्यादित नव्हता.

३. दिल्ली, कुन्नूर आणि मुंबई

१९३९ मध्ये स्वदेशी परतल्यावर कमलाबाई दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या. त्यानंतर कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक या नात्याने त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये विमागणिती असलेल्या श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि १९४९ मध्ये तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका म्हणून रुजू झाल्या.

४. कडधान्यांवरील संशोधन

मुंबईत कमलाबाई बंगळूरच्या जुन्या विषयाकडे, म्हणजे कडधान्यांतील प्रथिनांकडे, पुन्हा वळल्या. भारतातील बहुसंख्य लोकांना प्रथिने मिळतात ती मुख्यतः धान्य व डाळी यांतून. तथापि अन्नात प्रथिन असणे आणि ते शरीराला उपलब्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वादुपिंडातून स्रवणारे ‘ट्रिप्सिन’ हे विकर लहान आतड्यात प्रथिनांचे विघटन करते. कच्च्या कडधान्यांत मात्र या विकराला घट्ट चिकटून त्याचे कार्य थांबविणारी प्रथिने असतात. त्यांना ट्रिप्सिन-निरोधके म्हणतात. त्यांच्यामुळे अन्नातील प्रथिनांचा काही भाग पचल्यावाचून राहतो.

कमलाबाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील अशा निरोधकांचा पद्धतशीर अभ्यास केला. वाल आणि डबल बीन यांतील निरोधके स्फटिकरूपात वेगळी केल्याचा त्यांचा शोधनिबंध १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उष्णतेने या निरोधकांची रचना मोडते व त्यांचा प्रभाव बराच कमी होतो. मोड आणण्याने होणारा फरक कडधान्यानुसार कमी-अधिक असतो. वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजवून खाण्याच्या आपल्या रीतीमागील एक कारण अशा अभ्यासातून स्पष्ट होते.

५. नीरा आणि आहारविषयक कार्य

ताड, माड, शिंदी इत्यादी झाडांपासून पहाटे उतरविलेला ताजा गोड रस म्हणजे नीरा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी या रसाचा अभ्यास हाती घेतला. नीरेत क जीवनसत्त्व व लोह यांसारखे उपयुक्त घटक असल्याचे त्यांनी दाखविले. कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यास प्रकृतीत सुधारणा होते, असेही दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या गुणवत्तेबाबत त्यांनी मार्गदर्शन केले.

६. संचालकपद आणि निवृत्तीनंतरचे कार्य

पात्रता असूनही विज्ञान संस्थेच्या संचालकपदावरील त्यांची नेमणूक अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षे लांबली. अखेरीस ते पद त्यांना मिळाले. १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ या ग्राहक संघटनेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. पुढे त्यांनी तिचे अध्यक्षपदही भूषविले व ‘कीमत’ या तिच्या नियतकालिकातून ग्राहकांसाठी लेखन केले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

समारोप

या कारकिर्दीतून दोन गोष्टी प्रकर्षाने जाणवतात. पहिली, संशोधनाचा विषय जवळच्या बाजारातील वालासारखा साधा असला, तरी प्रश्न नेमका व पद्धत काटेकोर असेल तर त्याचे फलित जागतिक नियतकालिकात स्थान मिळवू शकते. विद्यार्थ्यांसह काम करणाऱ्या अध्यापकासाठी हे महत्त्वाचे आहे. दुसरी, कमलाबाईंच्या वाटेतील दोन मोठे अडथळे वैज्ञानिक स्वरूपाचे नव्हते. एक प्रवेशाच्या वेळी आला, दुसरा पदोन्नतीच्या वेळी. आणि दोन्ही संस्थांच्या निर्णयांतून निर्माण झाले होते. त्यांच्या चिकाटीचे कौतुक करताना, नकार ऐकून परत गेलेल्या ज्या विद्यार्थिनींची नावे कोठेच नोंदली गेली नाहीत, त्यांचाही विचार झाला पाहिजे. प्रवेश, मार्गदर्शन व पदोन्नती यांचे निर्णय आज आपल्याच महाविद्यालयांतील समित्या घेतात. कमलाबाईंच्या चरित्राचे खरे मूल्यमापन तेथेच व्हावयाचे आहे.