शिळं पाणी

सकाळी नळाला पाणी आलं की आपण आधी काय करतो? पिंपातलं कालचं पाणी ‘शिळं’ म्हणून मोरीत ओततो आणि ताजं भरून घेतो. माझ्या सासूबाई हेच करायच्या, मीही केलं. पण भूगोलाच्या एका तासानं माझी ती सवय मोडली.

झालं असं, की भिलारची सहल करून आलेल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, पुस्तकांच्या गावाची कल्पना मुळात कुठली हो?” महाबळेश्वरजवळच्या भिलारला हा उपक्रम २०१७ साली सुरू झाला, तो ब्रिटनमधल्या हे-ऑन-वाय या गावावरून. एवढं मला ठाऊक होतं. पुढचं सांगण्यासाठी नकाशा उघडला.

हे गाव वेल्समधल्या पॉविस काउंटीत आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच म्हणा. क्षेत्रफळ सुमारे ५,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे वेल्सचा पाव भाग. पण २०२१ च्या जनगणनेत माणसं जेमतेम १ लाख ३३ हजार. मेंढ्या त्याहून कितीतरी अधिक! डोंगर फार उंच नाहीत. सर्वांत उंच पेन-इ-फॅन ८८६ मीटर, आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून थोडा जास्त. पण पाऊस भरपूर, दऱ्या अरुंद आणि खडक पाणी झिरपू न देणारा. सेव्हर्न आणि वाय या दोन मोठ्या नद्या इथल्याच पश्चिमेकडच्या डोंगरात उगम पावतात.

हीच श्रीमंती पॉविसला भोवली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधली कारखान्यांची शहरं भराभर वाढली. बर्मिंगहॅममध्ये घाणेरड्या पाण्यानं रोगराई माजे. तिथल्या आयांनाही आपली मुलं जगवायचीच होती. शहरांची नजर या दऱ्यांकडे वळली.

आधी लिव्हरपूलनं व्हर्नवी नदीवर दगडी धरण बांधलं. १८८८ मध्ये ते पुरं झालं आणि लानवुदिन गाव बुडालं: ३७ घरं, १० शेतघरं, एक चर्च. तिथल्या लोकांना निदान नवं गाव बांधून मिळालं. पुढे बर्मिंगहॅमसाठी १८९२ मध्ये कायदा झाला आणि एलान खोऱ्यातल्या सुमारे १०० माणसांना उठावं लागलं. भरपाई मिळाली ती जमीनमालकांना. कुळांना काही नाही. कवी शेली जिथे राहून गेला, ती दोन घरंही पाण्याखाली गेली. २१ जुलै १९०४ रोजी राजा सातव्या एडवर्डच्या हस्ते थाटात उद्घाटन झालं.

त्या एलानच्या पाण्यावर बर्मिंगहॅम आजही जगतं. ११८ किलोमीटरचा प्रवास, तोही पंपाशिवाय, नुसत्या उतारावरून. उतार इतका हलका, की पाणी पोचायला साधारण दीड दिवस लागतो.

हे सांगत होते तेव्हा तीच मुलगी म्हणाली, “म्हणजे बाई, तिथे नळाला येतं ते पाणी शिळंच की!”

वर्ग हसला. मीही हसले, पण घरी येऊन पिंपापुढे उभी राहिले आणि हात थबकला. आपल्या नळाचं पाणीही धरणात महिनोन्‌महिने साठलेलंच असतं, आणि आपल्या धरणांखालीही कुणाच्या तरी चुली, तुळशीवृंदावनं गेलेली आहेत. मग एका रात्रीत ते असं काय शिळं होतं?

पिंप घासून स्वच्छ ठेवावं, झाकण घट्ट लावावं, हात न बुडवता ओगराळ्यानं पाणी काढावं, म्हणजे कालचं पाणी आज खुशाल वापरता येतं. पिंप धुवायच्या दिवशी तळाशी उरलेलं झाडांना घालावं किंवा त्यानं फरशी पुसावी.

२०२२ च्या दुष्काळात व्हर्नवीचं पाणी ओसरलं आणि बुडालेल्या लानवुदिनच्या भिंती वर आल्या. लोक बघायला गेले. आपण पाणी ओतण्याआधी तेवढ्या भिंती आठवल्या तरी पुरे.