चढाला न घाबरणारी सायकल

दोस्तांनो, चढ आला की सायकलवर काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आधी आपण सीटवरून उठतो, मग पायडलवर सगळं वजन टाकतो, मग धाप लागते आणि शेवटी खाली उतरून सायकल हातात धरून चालायला लागतो. आता अशी सायकल डोळ्यांसमोर आणा, की चढ सुरू झाला, तुम्ही नेहमीसारखंच पायडल मारलं आणि ती सरसर वर निघाली! धूर नाही, आवाज नाही आणि पेट्रोलचा तर एक थेंबही नाही.

हीच ई-सायकल. तिच्या पोटात काय दडलंय, ते आज उघडून पाहू या.

चढावर नेमकं काय बिघडतं?

आधी आपल्या पायांची ताकद मोजू. चांगला धडधाकट मोठा माणूस बराच वेळ न थकता सायकल चालवतो, तेव्हा त्याचे पाय साधारण १०० वॅट ताकद देतात. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने जायला ५०-६० वॅट पुरतात. म्हणजे पाय खुशीत असतात.

पण १०० मीटर पुढे जाताना ५ मीटर वर चढवणारा रस्ता आला, की गणित फिरतं. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो वजन वर उचलायचं असतं. ताशी १२ किलोमीटरच्या बेताच्या वेगालासुद्धा १७०-१८० वॅट लागतात. पायांकडे आहेत १०० आणि रस्ता मागतोय पावणेदोनशे! वरचे ७०-८० वॅट आणायचे कुठून?

ते देते ई-सायकलची मोटर. ती पायांची सुट्टी करत नाही, कमी पडेल तेवढी भर घालते.

मोटर लपली आहे कुठे?

बऱ्याच ई-सायकलींत मागच्या चाकाच्या मध्यभागी एक जाडजूड डबी दिसते. तिला हब मोटर म्हणतात. तिच्या मधल्या भागावर तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. हा भाग जागचा हलत नाही. त्याच्याभोवती एक कडं फिरतं आणि त्या कड्याच्या आतल्या बाजूला चुंबकं चिकटवलेली असतात.

तारेतून वीज गेली, की तारेचं वेटोळं चुंबक बनतं. १८२० साली डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी जगाला दाखवून दिलं, की तारेतून वीज वाहू लागली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या मायकेल फॅरेडे यांनी वीज वाहणारी तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली. हे फॅरेडे लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होते. बांधायला आलेली पुस्तकं वाचता वाचताच त्यांना विज्ञानाची गोडी लागली. त्यांनी दाखवलेल्या वीज-चुंबकाच्या तत्त्वावरच आजच्या विजेच्या मोटरी चालतात.

आता गंमत बघा. वेटोळ्यांना नुसती वीज देऊन भागत नाही. ती योग्य क्षणी द्यावी लागते. झोक्यावर बसलेल्या मैत्रिणीला तुम्ही झोका देता, तेव्हा केव्हाही धक्का मारता का? नाही. झोका परत फिरला की नेमका त्याच क्षणी हात लावता. मोटरमध्येही तसंच आहे. कड्यावरची चुंबकं आत्ता कुठे आहेत, हे छोटे सेन्सर ओळखतात. ते ‘कंट्रोलर’ नावाच्या इलेक्ट्रॉनिक डबीला खबर देतात आणि कंट्रोलर बरोबर त्या वेटोळ्यात वीज सोडतो, ज्यामुळे चुंबक पुढे ओढलं जाईल. मग दुसऱ्या वेटोळ्यात, मग तिसऱ्या. हे एका सेकंदात कितीतरी वेळा घडतं आणि चाक अलगद फिरत राहतं.

आणखी एक सेन्सर पायडलजवळ असतो. तुम्ही पायडल मारताय की नाही, हे तो बघतो. काही सायकलींत तर तुम्ही किती जोर लावताय तेही मोजलं जातं. जपानमध्ये यामाहा कंपनीने १९९३ साली अशी सायकल विक्रीला आणली होती. पायांनी जोर वाढवला की मोटरही जोर वाढवणार! आणि ब्रेक दाबला, की ब्रेकच्या दांडीतला स्विच मोटरची वीज तोडतो.

शंभर वर्षं कुठे अडलं होतं?

ई-सायकलची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना मागच्या चाकात मोटर बसवलेल्या सायकलचं पेटंट मिळालं, ते ३१ डिसेंबर १८९५ रोजी! मग आपल्या पणजोबांनी अशी सायकल का नाही चालवली?

कारण होतं बॅटरी. त्या काळच्या बॅटऱ्यांत शिसं असायचं. शिसं फार जड. सायकल ओढायची की बॅटरी, असा प्रश्न पडायचा. शिवाय पेट्रोल तेव्हा स्वस्त होतं.

हा प्रश्न सुटला लिथियममुळे. लिथियम हा सगळ्यांत हलका धातू. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि थोड्या वजनात भरपूर वीज साठवता येऊ लागली. ती घडवणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळवणारे ते पहिलेच!

ई-सायकलच्या बॅटरीत लिथियम-आयनचे कितीतरी छोटे सेल असतात. त्यांचा एक प्रचलित आकार १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा. असे दहा सेल एकामागोमाग जोडले की झाले ३६ व्होल्ट. अशा रांगा शेजारी शेजारी जोडल्या की वीज जास्त वेळ पुरते. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास, म्हणजे ३६० वॅट-तास. एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे अख्खी बॅटरी भरायला अर्ध्या युनिटहूनही कमी वीज! पायडल मारत गेलं तर तेवढ्यात ३० ते ४० किलोमीटर जाता येतं.

आता पेट्रोलशी सामना

एक लिटर पेट्रोलमध्ये जवळजवळ ९ युनिट ऊर्जा भरलेली असते. तेवढ्यात साधी स्कूटर सुमारे ५० किलोमीटर जाते. ई-सायकलला त्याच ५० किलोमीटरसाठी, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरूनही, पाऊण युनिट पुरतं. एकीकडे ९, दुसरीकडे पाऊण. एवढा फरक पडतो कसा?

त्याची दोन कारणं आहेत. पहिलं, पेट्रोलच्या इंजिनात बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते आणि जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो. स्कूटर थांबवल्यावर इंजिन तापलेलं असतं ना? ती तुमच्या पैशांनी घेतलेली उष्णता! विजेच्या मोटरीत मात्र साधारण ८० टक्के ऊर्जा कामी येते. दुसरं कारण वजनाचं. स्कूटर शंभर किलोंच्या आसपास भरते, ई-सायकल वीस-पंचवीस किलो. त्यात आपल्या पायांचीही भर असते.

पैशांचं गणित तर तोंडी सुटेल. पेट्रोल लिटरला १०० रुपयांच्या वर गेलंय. विजेचं युनिट १० रुपयांचं धरलं, तर ई-सायकलचे ५० किलोमीटर साडेसात रुपयांत होतात. शिवाय आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून विकत आणतो. वाचवलेला प्रत्येक लिटर म्हणजे देशाचीही बचत.

आणि धुराचं काय? एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम. पण ते जळल्यावर कार्बन डायऑक्साइड तयार होतो तब्बल २ किलो ३०० ग्रॅम! वजन वाढलं कसं? पेट्रोलमधला कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो. वजनाची ही सगळी भर त्या ऑक्सिजनची.

तुमच्यातला एखादा चौकस मित्र लगेच विचारेल, “वीजसुद्धा कोळसा जाळूनच बनते ना?” अगदी योग्य प्रश्न! आपल्याकडे बरीचशी वीज कोळशापासूनच येते. एक युनिट वीज बनताना सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे पाऊण युनिटाला साधारण अर्धा किलो. कुठे अर्धा किलो आणि कुठे २ किलो ३०० ग्रॅम! छपरावरच्या सौर पॅनेलवर चार्ज केली, तर तोही जवळजवळ वाचला.

कायद्याचे दोन आकडे

आता दोन आकडे पाठच करून टाका : २५० आणि २५. मोटरची सलग अर्धा तास देता येणारी ताकद २५० वॅटपेक्षा कमी असेल आणि पायडलला मदत करता करता ताशी २५ किलोमीटरच्या वेगाला ती बंद होत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती सायकल मोटार वाहन ठरत नाही. म्हणून नंबरप्लेट, लायसन्स, विमा यांपैकी काहीच लागत नाही. कंपनीने मात्र आपलं मॉडेल मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायचं असतं. पुण्याच्या वेताळ टेकडीवरची ‘एआरएआय’ ही अशीच एक संस्था.

पण वेगाला मर्यादा कशाला? याचं उत्तर हवेत आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो विरोध कापायला आठपट ताकद लागते. मग मोठी मोटर हवी, मोठी बॅटरी हवी, मजबूत ब्रेक हवेत. आणि धडक बसली, तर दुप्पट वेगाची इजा चौपट ऊर्जेची! काही जण कंट्रोलरमध्ये फेरफार करून वेग वाढवतात. तसं केलं की ती सायकल कायद्याने मोटार वाहन होते आणि नोंदणी, लायसन्स, विमा सगळं लागतं. ते नसताना ती रस्त्यावर आणणं हा गुन्हा आहे.

तिचीही काळजी घ्यायला हवी

बॅटरीला तिचाच चार्जर लावायचा. झोपायच्या खोलीत किंवा दाराच्या वाटेत ती चार्ज करायची नाही, कारण बिघडलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. जुनी झालेली बॅटरी कचऱ्यात टाकायची नाही, दुकानदाराकडे परत द्यायची. २०२२ सालच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आतले धातू पुन्हा वापरता येतात. आणि वेग कितीही कमी असला, तरी डोक्यावर हेल्मेट हवंच.

करून पाहा!

या आठवड्यात एक वही घ्या. घरातली स्कूटर किंवा मोटरसायकल कुणी, कुठे आणि किती किलोमीटर नेली, ते रोज लिहा. मग पाच किलोमीटरच्या आतल्या फेऱ्यांभोवती लाल गोल करा : भाजी, दळण, शिकवणी, वाचनालय. त्या फेऱ्यांना किती पेट्रोल लागलं आणि ई-सायकलला किती वीज लागली असती, याचा हिशेब वर दिलेल्या आकड्यांवरून मांडा. रविवारी सगळे जेवायला बसले, की तो घरच्यांना वाचून दाखवा. यातल्या काही फेऱ्या तर साध्या सायकलने किंवा चालतही होतील. तुमच्या घराने पेट्रोलची पहिली फेरी कुठली बंद केली, ते आम्हाला नक्की कळवा!